बळीरामच्या जीपचा जोड

नाव मालू बळीराम घरत, वय ६१ वर्षे, धंदा घरकाम, राहणार सुकापूर, तालुका पनवेल, जिल्हा रायगड.

मी आज पोलीस ठाण्यात स्वतः हजर होऊन, विचारल्यावरून सांगते की, वरील पत्त्यावर मी मुलगा निकेश याच्यासह राहते. माझे पती बळीराम तीन वर्षांपूर्वी वारले. त्यांनी लष्कराच्या लिलावातून १९६४ सालची जीप घेतली होती. गावात तिला बळीरामची जीप म्हणतात. बॉनेटवर पिवळ्या रंगात त्यांचे नाव आहे, ते त्यांनी हौसेने रंगवून घेतले होते.

पतींच्या पश्चात जीप माझ्या नावावर झाली. निकेशने नवी गाडी घेतल्यावर दारात जागा उरली नाही, म्हणून जानेवारीत मी ती कामोठे येथील शैलेश तांडेल यांना विकली. विकताना मी त्यांना जीपखाली शिरायला लावून तिच्यात केलेला एकेक बदल दाखवला. "एक नंबर, काकी," असे ते म्हणाले होते.

मागच्या रविवारी खाडीच्या बांधावरून जीप खाली गेली, चेसिस तुटली व शैलेश यांचा हात मोडला. चेसिस कापून लांब केली होती, तो जोड कच्चा होता व मी फसवले, अशी त्यांची तक्रार आहे.

ठाण्याच्या बाहेर निकेश मला म्हणाला, "आई, सगला बाबांनी केलाय असा सांग. मेलेल्या मानसावर केस नाय होत." मी म्हटले, "तुज्या बापसाला सरळ रेघ तरी मारता येत होती काय?"

खरी हकीकत अशी की, माझे वडील काशिराम ठाकूर, राहणार चिरनेर, हे खाडीच्या बांधातल्या उघाड्यांना, म्हणजे पाणी सोडायच्या तोंडांना, लोखंडी दारे बनवत. दहावी नापास झाल्यावर मी त्यांच्या हाताखाली वेल्डिंग शिकले. दाराचा जोड कच्चा राहिला तर भरतीचे खारे पाणी लोकांच्या भातात शिरते. त्यामुळे कच्चा जोड मी जन्मात दिलेला नाही.

जीपची चेसिस कापून हातभर लांब मी केली. मूळ इंजिन उतरवून टेम्पोचे डिझेल इंजिन मी बसवले. मागे ट्रकचे स्प्रिंगचे पाटे मी घातले. पाण्यातून जाताना इंजिन बंद पडू नये म्हणून हवेचा पाइप टपापर्यंत मी नेला. पती बॅटरीचा उजेड धरत, चहा आणत व बघायला येणाऱ्यांना हे सगळे कसे केले ते समजावून सांगत. फार छान सांगत. मलाही ऐकायला आवडायचे, म्हणून मी कधी मध्ये बोलले नाही.

पण गेलेल्या माणसावर मी खोटे ढकलणार नाही. आणि माझे काम दुसऱ्याच्या नावावर राहिले तेवढे पुरे झाले. आरटीओची परवानगी आम्ही घेतली नव्हती. त्याचा जो काही गुन्हा होत असेल, तोही माझ्याच नावावर लिहावा.

एवढे सांगून मी ठाण्याच्या आवारात आणून ठेवलेली जीप दाखवण्याची विनंती केली. हवालदार दयाराम यांच्यासोबत आवारात गेले व पदर खोचून जीपखाली शिरले. माझा जोड शाबूत आहे. चेसिस त्याच्या वीतभर पुढे तुटली आहे. तिथे शैलेश यांनी नवा बंपर लावायला भोके पाडली आहेत, ती विकताना नव्हती. दयाराम यांनीही वाकून पाहिले व म्हणाले, "काकी, हा तर जसाच्या तसा हाय." मला अभिमान वाटला व रडू आले, हेही लिहावे.

शैलेश यांच्यावर माझा राग नाही. हात बरा झाला की त्यांनी जीप माझ्या दारात आणावी, मी जोडून देईन. पुढच्या वेळी भोके विचारून पाडावीत.

जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. त्यात "पतीला मदत केली" असे आले होते, ते काढून "मी केले" असे घालायला लावले. सुरुवातीचा "घरकाम" हा शब्द खोडून "वेल्डिंगकाम" असा केला. दोन्ही ठिकाणी बाजूला माझी सही आहे. आता सर्व मी सांगितले तसे आहे.

सही
मालू बळीराम घरत