अस्वलाच्या आत

भावोजी : हळू ओढ रे चेन. पाठीचं कातडं निघेल सगळं.

मेहुणा : हळूच ओढतोय. घामाने अडकलीय. हात वर करा जरा.

भावोजी : आधी डोकं काढ. जीव गेला आत. बाहेर डांबर वितळायला लागलंय आणि मी केसाळ होऊन नाचतोय. मालकाची अक्कल बघ. सेल उन्हाळी कपड्यांचा आणि दारात अस्वल.

(कपड्यांच्या मोठ्या दुकानामागचं गोदाम. भरदुपार. अस्वलाचा वेश एकच आहे. सकाळी तो भावोजी घालतो, दुपारनंतर मेहुणा; उरलेला वेळ दोघं गोदामात माल उचलतात.)

मेहुणा : आता बनियन काढा.

भावोजी : कशाला?

मेहुणा : पाठ बघू द्या.

भावोजी : माझी पाठ बघून तुला काय मिळणार? घे, चढव लवकर. दाराशी कुणी नाही म्हणून मालक येईल बोंबलत.

मेहुणा : मी आज घालणार नाही.

भावोजी : का? लाज वाटायला लागली का अस्वलाची?

मेहुणा : काल डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आलो. कमरेला खाज, जांघेत खाज, रात्र रात्र झोप नाही. तुम्ही म्हणालात घामोळं आहे, पावडर मार. मारली. मग तुमच्याजवळची ट्यूब दिलीत. लावली की तासाभरात गप्प, आणि सोडली की दुप्पट.

भावोजी : उन्हाळा आहे बाबा. उन्हाळ्यात घामोळं कुणाला चुकलंय?

मेहुणा : घामोळं नव्हेच ते. घामोळं म्हणजे बारीक पुरळ. टोचतं, चुरचुरतं, पण अंग गार नि कोरडं ठेवलं की आपसूक ओसरतं. हे गोल आहे. कड लाल, उचललेली, तिच्यावर कोंडा, मध्ये फिकं, आणि रोज थोडं पुढे सरकतंय. नायटा आहे हा. एकाचा दुसऱ्याला लागतो. बाईंनी सगळ्यात आधी काय विचारलं माहितेय? कुणाचे कपडे घालतोस?

भावोजी : मग तू काय सांगितलंस?

मेहुणा : अस्वलाचे.

भावोजी : हसल्या असतील.

मेहुणा : नाही हसल्या. काढा बनियन.

भावोजी : घे, बघ. झालं समाधान?

मेहुणा : अरे देवा. भावोजी, हे पार मानेपर्यंत गेलंय. आणि कातडी किती पातळ झालीय. कधीपासून लावताय ती ट्यूब?

भावोजी : उन्हाळा लागल्यापासून. औषधवाल्याने दिली. संपली की दुसरी आणतो.

मेहुणा : स्टेरॉइड असतं म्हणाल्या तिच्यात. चोर धरत नाही, नुसतं कुत्र्याचं भुंकणं बंद करते. चोर आत फिरतोच आहे.

भावोजी : बरं, मग खातो गोळ्या. पण मालकाच्या कानावर जाता कामा नये. मागच्या उन्हाळ्यात जो होता ना, त्याने वेश धुवून मागितला. दुसऱ्या दिवशी त्याच्या जागी मी उभा होतो.

मेहुणा : म्हणून आत अत्तर फवारता होय.

भावोजी : अत्तर मारायचं, चेन लावायची आणि पेटीत बंद. वास बाहेर येत नाही.

मेहुणा : ओलाच?

भावोजी : वाळवू कुठे? भर रस्त्यात दोरीवर अस्वल टांगू?

मेहुणा : काल संध्याकाळी ताईचा फोन आला होता.

भावोजी : हं.

मेहुणा : तुमच्या ठकीचे केस कापले म्हणाली.

भावोजी : माहीत आहे. घरीच होतो मी.

मेहुणा : जन्मल्यापासून कात्री लागली नव्हती त्या केसांना. ताई म्हणत होती, केसांखाली घाम साचून पोरीच्या मानेवर असं उठलं, माझंच लक्ष नाही. रडत होती. तुम्ही काय करत होतात तेव्हा?

भावोजी : ठकीला धरून बसलो होतो. हलली असती तर कात्री लागली असती.

मेहुणा : पण माझ्याही पाठीवर असंच आहे, हे काही तोंडातून निघालं नाही.

भावोजी : असंच आहे हे कुणाला ठाऊक?

मेहुणा : तुम्हाला नव्हतं? तिच्या मानेवर गोल दिसत नव्हतं?

भावोजी : दिसत होतं.

मेहुणा : मला एकच कळत नाही. तुम्ही घरी गेल्या गेल्या आंघोळ करता. त्याशिवाय पोरीला हात लावत नाही. मग नेमकं तिच्या मानेला... थांबा. डोक्याच्या आत हे काय खोचलंय?

भावोजी : राहू दे ते.

मेहुणा : हा बदकांचा टॉवेल आहे. हा मी आणला होता तिला. मामाकडून म्हणून.

भावोजी : गळ्याशी ते खोटे केस टोचतात रे. घरात मऊ तेवढा तोच.

मेहुणा : ताईला माहीत आहे?

भावोजी : तिला वाटतं, दोरीवर आहे. सकाळी ठकीला पुसून झालं की ती वाळत घालते, मी निघताना काढून घेतो. घरी परत गेल्यावर नळाखाली पिळून पुन्हा दोरीवर.

मेहुणा : आणि सकाळी त्यानेच ठकीची मान पुसायची. धन्य आहे तुमची. एखादं जुनं फडकं मिळालं नाही घरात?

भावोजी : होतं की. दहा होती.

मेहुणा : मग?

भावोजी : तू नवा आहेस. तुला अजून कळायचंय. आत काळोख असतो. आपलाच श्वास आपल्या तोंडावर येतो, गरम. दोनदा भोवळ आली मला. भिंतीला टेकलो तर लोक हसले, अस्वल दमलं म्हणाले. त्या टॉवेलला तिच्या साबणाचा वास असतो. तेवढा आला की उभं राहवतं. सकाळभर परक्यांची पोरं येऊन मिठ्या मारतात. मी मनात म्हणायचो, आपली इथे गळ्याशी आहे.

मेहुणा : भावोजी.

भावोजी : काय?

मेहुणा : फोन लावा ताईला.

भावोजी : संध्याकाळी सांगतो. असं फोनवर नको.

मेहुणा : संध्याकाळी तुमच्या तोंडाला कुलूप लागेल. मी ओळखतो तुम्हाला. ती ट्यूब कुठे आहे?

भावोजी : घरी.

मेहुणा : घरी कुठे?

भावोजी : काल रात्री ठकीला लावली थोडीशी. झोपेत खाजवत होती. तुझ्या ताईला सांगून आलोय, दुपारी परत लाव म्हणून.

मेहुणा : लावा फोन. आत्ता. मालकाला काय सांगायचं ते मी बघतो. स्पीकरवर ठेवा.

ताई : अहो, या वेळेला कसा फोन? चक्कर नाही ना आली?

भावोजी : नाही. बरा आहे. ठकीला दुपारची ट्यूब लावलीस?

ताई : झोपलीय ती. उठली की लावते. सारखी मान चोळतेय हो. पण आता केस नाहीत तर वारा लागेल, बरं वाटेल तिला.

भावोजी : लावू नकोस. टाकून दे ती ट्यूब.

ताई : अहो, तुम्हीच तर दिलीत.

भावोजी : ते घामोळं नाही. नायटा आहे. माझ्या पाठीवर आहे, उन्हाळा लागल्यापासून. तिचा टॉवेल मी इथे आणत होतो, गळ्याला लावायला. माझ्यामुळे झालंय तिला. ऐकतेयस ना?

ताई : बदकांचा?

भावोजी : हो.

ताई : रोज दुपारी शोधायचे मी तो. मला वाटायचं, वाऱ्याने उडाला, कुणीतरी आणून घालतंय.

मेहुणा : ताई, मी पण आहे इथे. संध्याकाळी सगळेच जाऊ डॉक्टरीणबाईंकडे. बरं होतं म्हणाल्या. वेळ लागतो, आणि घरात ज्याला ज्याला आहे त्याने एकदमच औषध घ्यायचं, नाहीतर फिरून येतं. चादरी, टॉवेल गरम पाण्यात काढ, कडक उन्हात वाळव. प्रत्येकाचा टॉवेल वेगळा.

ताई : बरं. काढते.

भावोजी : अगं, बोल काहीतरी. शिव्या तरी घाल.

ताई : काय बोलू? तिची वेणी मी डब्यात ठेवलीय. सकाळी उठल्याबरोबर तिने मानेमागे हात नेला. शोधत होती. मी म्हटलं, केस वाईट होते बाळा, त्यांनीच तुला बाऊ केला.

भावोजी : आलोच मी घरी.

ताई : या. काही दोष नव्हता हो त्या केसांचा.