गच्चीवरची चवळी

बोटीच्या धक्क्यावर माझ्यापुढे दोघी उभ्या होत्या. धाकटी थोरलीला चेची, म्हणजे ताई, म्हणत होती.

"थंकमणीचेची, तुम्ही? तुमचे यजमान, भास्करनचेट्टन, गेल्यापासून तुम्ही दारसुद्धा उघडत नव्हता."

"नव्हतेच उघडत, रोसिली. मग लेकीने गच्चीवर मातीच्या पिशव्या आणून ठेवल्या. म्हणाली, अम्मा, चवळी लाव."

"तुम्ही आणि चवळी! तुमच्या दारात साधा कढीपत्ता कधी जगला नाही."

"मीही तेच म्हणाले आणि हसले. किती दिवसांनी हसले गं. मग लावलीच."

"आली?"

"आली की. आता उजाडायच्या आत वर जाते. धुक्यात खालचं पाणी दिसत नाही, नुसता वल्ह्यांचा आवाज येतो. वेलाने रात्रीतून दोरीला नवा वेढा घातलेला असतो. तो बघत बसते. हातातला चहा निवून जातो."

"आणि रडणं?"

"तेही चालतं. रडत रडत पाणी घालते. वेल काही विचारत नाही."

"शेंगा धरल्या का?"

"काल पहिल्यांदा तोडल्या, ओंजळभर. खोबरं घालून परतल्या."

"गोड लागल्या असतील!"

"छे गं, पार जून झालेल्या. तोडायला हातच होत नव्हता ना."

"अरेरे! मग टाकल्या?"

"टाकते कशाला? परत भात वाढून घेतला."