भैरोबाचं कॅरियर

मंडळी, मला एक सांगा. जगात पुढं गेलेल्यालाच मान का? मागं राहिला त्याचं काय? उत्तर कुणी देऊ नका. दिलंत तर आख्यान इथंच संपेल, आणि प्रसाद अजून शिजायचाय.

तर ऐका. बोरकणी नावाचं गाव. अख्खं गाव सायकलवर. डॉक्टर सायकलवर, पेशंट त्यांच्या कॅरियरवर. नवरी सासरी यायची तीही सायकलवर, आणि वऱ्हाड मागून घंट्या वाजवत. बँडचा खर्च वाचला!

गावचा देव भैरोबा. एका जत्रेत पालखीचा दांडा मोडला. पुजारी दिगंबरकाकांनी मुखवटा उचलला, कॅरियरवर बसवला आणि गावातून फिरवला. देव काही बोलला नाही. आपल्याकडं एवढी संमती पुरते. तेव्हापासून देव दरवर्षी सायकलवर. पण कुणाच्या? त्यासाठी शर्यत — सावकाश सायकलची. जो सगळ्यांत शेवटी रेषा ओलांडेल, त्याच्या कॅरियरवर देव. पाय जमिनीला टेकला की बाद.

"घाईच्या माणसामागं देव बसवला," काका म्हणायचे, "तर पहिल्याच खड्ड्यात विसर्जन."

दरवर्षी जिंकायचा गुणवंता लोहकरे, गिरणीवाला. आणि दरवर्षी थोडक्यात हरायचा त्याचा जिवलग दोस्त, केरू शिंपी. जिवलग म्हणजे कसे? एकमेकांच्या सायकलीत हवा भरायचे. पण केरूच्या पोरीच्या लग्नात गुणवंता भर पंगतीत बोलून गेला, "केरूच्या कॅरियरवर देव? अरे, त्याच्या कॅरियरवर पिशवी टिकत नाही." पंगत हसली. केरूनं बोलणं सोडलं.

आता केरू पुण्याला लेकाकडं निघालेला, कायमचा. जत्रेच्या दुसऱ्याच दिवशी. म्हणजे ही शेवटची शर्यत. आयुष्यात एकदा देव आपल्या मागं बसावा — मंडळी, एवढीच मागणी. जास्त आहे का?

शिट्टी वाजली. सगळे जागच्या जागी डुलायला लागले. आणि एक सायकल सुसाट सुटली! काकांची नवी सून, कार्तिकी. ती रेषेपार जाऊन हात वर करून उभी.

"पहिली आले!"

"म्हणजे शेवटची," सासूबाई म्हणाल्या.

नियम तिला कुणी सांगितलाच नव्हता. बोरकणीत तो सांगावा लागतो, हेच कुणाला ठाऊक नव्हतं. तिकडं माणसं तो पोटातूनच शिकून येतात.

गाव हसलं, आणि हसता हसता एकेकाचा पाय टेकला. उरले दोघं. रेषा चार हातांवर, आणि दोघं शेजारी शेजारी, खांबासारखे. एका कावळ्यानं गुणवंताच्या हँडलवर बसून पाहिलं. बरं वाटलं असावं, बसूनच राहिला.

बोलणं तर बंद. मग केरू आपल्या सायकलला म्हणाला, "सांग बाई त्याला, यंदा तरी पुढं हो."

गुणवंता कावळ्याला म्हणाला, "सांग बाबा त्याला, हँडल सैल धर. मुठी आवळल्यास."

त्याच क्षणी केरूचं चाक वळलं. सायकल कलली, माणूस कलला. आणि गुणवंतानं — विचार केला का? नाही हो. विचार करणारा माणूस जिंकतो! यानं दोन्ही हात सोडले आणि केरूला मिठीत धरलं. दोन सायकली खाली. चार पाय जमिनीवर.

"दोघंही बाद," काका म्हणाले.

मग रेषा ओलांडली कुणी? एकटी कार्तिकी! जी सगळ्यांत आधी, तीच सगळ्यांत शेवटी. नियम म्हणजे नियम.

देव तिच्या कॅरियरवर बसला. केरू मान खाली घालून सायकल उचलायला लागला. पोरीनं ते पाहिलं.

"केरूकाका, मला हळू चालवता येत नाही. सगळ्यांनी पाहिलंच. तुम्ही दोघं मागून धरा, नाहीतर मी देवाला पुढच्या गावात नेऊन सोडीन."

एका बाजूनं केरू, दुसऱ्या बाजूनं गुणवंता. कॅरियर धरून दोघं चालू लागले. भैरोबाच्या पाठीशी केरूचा तळहात.

वेशीपाशी गुणवंता म्हणाला, "पुण्यात करणार काय?"

"नातवाला सायकल शिकवीन."

"तुला येते का?"

केरू हसला. "तू ये मग. दोघं शिकवू." डोळे पुसायला त्यानं हात मात्र सोडला नाही. सदऱ्याच्या खांद्यालाच पुसले.

मंडळी, हात दिला म्हणून गुणवंताचा मान गेला. हरला का तो? विचार घरी जाऊन करा. पण त्याआधी मंडपाबाहेर पडाल. तिथं तुमच्या सायकली एकमेकींच्या अंगावर रेलून उभ्यात. एक ओढलीत की रांग कोसळणार. कोसळली, तर "माझी कुठली" म्हणून शोधू नका. हाताला येईल ती आधी उभी करा. मालकाशी बोलणं बंद असलं, तरीही.

म्हणा, भैरोबा धरतो, आम्ही धरू. आणि उठा सावकाश.