भागाबाईंच्या जावयाचा न संपणारा डाव

भागाबाईंची तक्रार अशी, की जावई बघत नाही. डोळे धड आहेत हो, मंडळी! पण सासू दारात आली, बघत नाही. बायको नवी साडी नेसली, बघत नाही. घरात मांजर व्याली, तरी बघत नाही. मान खाली, अंगठा मोबाइलवर! शेवटी लेक प्रणिता बॅग उचलून माहेरी आली, आणि भागाबाई आळीभर सांगत सुटल्या, की आम्ही पोरगी माणसाला दिली होती, खांबाला नाही.

तर ऐका. आपलं पाप दुसऱ्याकडून करवून घेतलं, तर ते कुणाच्या माथी? आपल्याच! एवढं तुम्हाला कळतं. मग आपली माया दुसऱ्याकडून करवून घेतली, तर ती कुणाची? सवाल गाठीला बांधा. बसा. गोष्ट ऐका.

हा जावई, वैजनाथ, मोबाइलवर पोकर खेळायचा. पोकर म्हणजे पत्तेच, नाव तेवढं सुटाबुटातलं. पण खेळता येईना, रोज हरायचा. मग त्यानं बॉट बसवला. बॉट म्हणजे आपल्या जागी खेळणारं यंत्र. यंत्र खेळणार आणि हा म्हणणार, मी जिंकलो. दुसऱ्यानं जेवावं आणि ढेकर आपण द्यावा, तसं!

आता खेळ चालवणारे काही भोळे नाहीत. तिथं पहारा असतो. कुणी यंत्रासारखं खेळलं की हाकलतात. म्हणून वैजनाथनं यंत्राला माणसाच्या रीती शिकवल्या. शिकवून शिकवून काय शिकवणार? लहानपणी घरी बघितलं तेच — पंगतीतला आग्रह! यंत्र खेळता खेळता समोरच्याला लिहायला लागलं: जेवलात का, घरचे बरे आहेत ना, आधी तुम्ही, मग मी. पहारेकरी खूश. एवढं बोलतंय, म्हणजे माणूसच.

गंमत पुढंच आहे. समोर बसलेलेही सगळे बॉटच! आणि हे बॉट जिंकणाऱ्याची नक्कल करतात, जिंकत होतं वैजनाथचं यंत्र. शेवटची फेरी आली तोवर सगळी यंत्रं आग्रही झालेली. बक्षीस होतं जीप. वैजनाथनं बायकोला कळवलं होतं, एवढी फेरी झाली की खेळ सोडतो आणि तुला न्यायला येतो. पण फेरी संपेल तर! पोकरमध्ये पैज न वाढवता पाळी पुढं सरकवता येते. एक म्हणतो, आधी तुम्ही. दुसरा म्हणतो, छे छे, तुम्ही मोठे. पाळी फिरतेय, फिरतेय, पैज कुणी वाढवेना, म्हणून कुणी हरून उठेना. पंगतीत ताटाताटांतून फिरून शेवटचा लाडू उरतो ना, तसा तो डाव उरला!

इकडं भागाबाईंना वेगळंच कोडं. पोरीच्या मोबाइलवर जावयाचे निरोप यायला लागले. सकाळी विचारतोय, जेवलीस का. दुपारी विचारतोय, पाय दुखतात का. ज्यानं सगळ्या संसारात ‘हं’च्या पलीकडं शब्द काढला नाही, तो! प्रणिता हसायला लागली, भांडी घासताना गुणगुणायला लागली. भागाबाईंची शाळा दुसरीतच सुटलेली, त्या पोरीकडून निरोप वाचून घ्यायच्या आणि पुटपुटायच्या, सुधारला मेला. पोरीची बॅग त्यांनी आपल्या हातानं भरली.

तिकडं वैजनाथ वैतागला. यंत्र बाजूला सारलं, स्वतः बसला आणि होतं नव्हतं ते सगळं एका दमात लावून टाकलं. ना नमस्कार, ना चौकशी! लगेच पहारेकऱ्याचा निरोप — या टेबलावर एक यंत्र सापडलं आहे, आपण बाहेर व्हा. सगळ्या यंत्रांत एकुलता एक माणूस, आणि हाकलला तो!

आला बिचारा सासुरवाडीला. जावई आला म्हणजे पुरण शिजलंच. पाट मांडला, तूप वाढलं. वैजनाथचा हात पोळीत, मोबाइल पार पलीकडं खिडकीत चार्जिंगला. एवढ्यात प्रणिताचा मोबाइल वाजला. भागाबाई म्हणाल्या, वाच. तिनं वाचलं, “जेवलीस का गं? आधी तू, मग मी.”

निरोप कुणाचा? समोर बसून पोळी चावणाऱ्या नवऱ्याचा!

प्रणिताच्या हातातली तुपाची वाटी तिथंच थांबली. वैजनाथनं घास गिळला आणि म्हणाला, “तुला निरोप धाडायचं कामही यंत्रालाच दिलं होतं, ते बंद करायचं राहिलं.”

हसता काय, मंडळी? आरतीला विजेवरचा घंटा-नगारा कुणी बसवला? बटण दाबता आणि देवाकडं पाठ करून चपला शोधता! आईला वाढदिवसाचं, मोबाइलवर कुणीतरी धाडलेलं फूल तसंच पुढं ढकलता, आणि वर म्हणता, केली की आठवण. मघाचा सवाल तुम्हालाच होता. उत्तर माझ्याकडून नका मागू, ते भागाबाईंनी दिलंय. त्या पाटासमोर मांडी घालून बसल्या आणि म्हणाल्या,

“जावईबापू, पोळी संपवा, ताटावरून उठवायची रीत नाही आमच्यात. पण पोरगी तुमच्याबरोबर येणार नाही. इतके दिवस जो तिची विचारपूस करत होता, त्याला पाठवा न्यायला. त्याला पाय नसले, तर तुम्ही राहा इथंच. रोज तिच्यासमोर बसायचं आणि तोंडानं विचारायचं, जेवलीस का. ती हो म्हणाली, तर विचारायचं, काय जेवलीस. आणि ती सांगून होईस्तोवर ज्या दिवशी तुमची मान खाली जाणार नाही, त्या दिवशी खुशाल न्या.”