बस म्हणजे बस

हसू नका, पण मला दोराला लटकून बसता येतं. साकीनाक्याला एका जुन्या गाळ्यात क्लाइंबिंगची भिंत केलीय, तिथे माझ्या मैत्रिणीने, मंजिरीने, मला ऑफिस सुटल्यावर ओढत नेलं. आधीच अंगात त्राण नव्हतं. दोर माझ्या कमरेला बांधलेला, वरच्या कडीतून ओवलेला, दुसरं टोक खाली मंजिरीच्या हातात. मी अर्ध्यावर पोचले तशी ती ओरडली, "बस!"

मला वाटलं, पुरे म्हणतेय. म्हटलं, "बस काय? जमतंय मला!" आणि दातओठ खात अजून वर.

"अगं, बस ना!"

"नाही उतरणार!"

तेवढ्यात हातच सुटले. दोराने धरलं म्हणून वाचले.

"बाई, उतर कोण म्हणालं? बस म्हणजे खाली बसतात तसं बस! दोरावर भार टाक, हात मोकळे सोड, पुढे काय पकडायचं ते बघ, मग चढ."

बसले. हात मोकळे सोडले. मघाशी न दिसलेली पिवळी खुंटी डाव्या हाताशीच होती.

जरा वेळाने मंजिरी म्हणाली, "दिसली ना खुंटी? चढ आता."

म्हटलं, "थांब गं. लग्नाला सोळा वर्षं झाली, मला बस म्हणणारी तू पहिलीच."