दारावरची पाटी

मेम्फिसच्या पोस्टात रांग हलायचं नाव घेत नव्हती. माझ्यापुढे आमच्या चर्चमधल्या वर्नेलबाई होत्या आणि त्यांच्यापुढे बारा खोकी घेऊन उभी असलेली एक तरुण मुलगी.

"काय गं पोरी, केक विकतेस का?" वर्नेलबाईंनी तिला विचारलं.

"नाही मावशी, बाळंतिणीचं सामान. मी घरीच बनवते."

"म्हणजे दुपटी, टोपडी?"

"बाळाचं यात काहीच नाही. पोटाला बांधायचा पट्टा, शेक घ्यायला औषधी पाला, टाक्यांवरचं मलम. सगळं आईचं."

"अगं बाई! आणि त्या उघड्या खोक्यात ही पाटी कसली?"

"दारावर लावायची. वाचा ना."

"चष्मा गाडीत राहिला. तूच वाच."

"'बाळ नंतर बघा. आधी आईला विचारा: रक्त किती जातंय? डोकं दुखतंय का?'"

"असं उघड लिहितात का कुणी?"

"लिहावं लागतं, मावशी. आपण काळ्या बायका दुखतंय म्हणालो, तर दवाखान्यातसुद्धा कानाआड करतात. निदान घरच्यांनी तरी विचारावं."

"माझी बहीण बाळंत झाली, त्याच्या नवव्या दिवशी घरात चौदा माणसं होती. सगळी पाळण्याभोवती. ती आतल्या खोलीत एकटीच पडलेली."

"मग?"

"मग काय, बाळ मी वाढवलं. एक खोकं मला देशील?"

"देईन की. कुणासाठी?"

"त्याच बाळासाठी. बाहेर गाडीत बसलीय, आठवा लागलाय तिला. आणि हे बघ, पाट्या दोन घाल. आमच्याकडची निम्मी माणसं मागच्या दारानं येतात."