बाळानं लावलेला सूर

कोन्सेप्सिओन गावच्या जुन्या मिशन चर्चबाहेर, बाप्तिस्म्याच्या रांगेत योवानाच्या बाळानं टाहो फोडला होता. पोट तर दुखत नसेल? फादर परत तर पाठवणार नाहीत? तिच्यापुढे दोन म्हातारे वादक आपापली व्हायोलिनं जुळवत होते.

"एलाडिओ, पोरगं कुणाचं रे?"

"सुरुबींचं. गळा ऐक! आजा इथंच गायचा."

"गायचा? रेकायचा!"

"तुझ्या व्हायोलिनपेक्षा बरा. अडीचशे वर्षांमागं स्पेनच्या राजानं इथल्या पाद्र्यांना हाकललं, तेव्हापासून ते बेसूरच आहे."

"मग हा कुठला सूर लावतोय, सांग बरं."

"'ला'. आपण तार जुळवतो तोच, अगदी स्वच्छ 'ला'!"

"खरंच की! थांब, तार पिळतो."

योवानानं घाईघाईनं बाळाला छातीशी घेतलं. ते गप्प झालं.

दोघंही मागं वळले.

"अगं पोरी, रडू दे की त्याला! माझी तार लागतच आली होती."